हद्दीच्या दगडापलीकडची नवरी

दिव्याची टेकडी नव्या केंद्र सरकारला देऊन टाका, असं गावसभेत घसा कोरडा करून मीच सांगितलं होतं. राज्याला तिथला अर्धवट दीपगृहाचा मनोरा पुरा करणं झेपेना, आणि जमीन मिळाल्याशिवाय केंद्र हात लावेना. टेकडी दिली, मनोरा उभा राहिला, आणि टेकडीवरच्या आमच्या जुन्याच घरात राहून मी दिवेकरी झालो. इथवर सगळं मला कळत होतं.

मग माझ्या लेकीचं, मेहिटेबलचं लग्न ठरलं. तिचा एलनेथन देवमाशाच्या शिकारीवर निघायचा होता, एकदा गेला की वर्षानुवर्षं परतायचा नाही. लग्न त्याआधीच व्हायला हवं होतं. आमच्यात आधी नवरीच्या गावात लग्न जाहीर करावं लागतं, म्हणून गावकारकून ओबेद पिंकहॅमकडे गेलो. त्याला दिवा स्वतःच्या खडकावर हवा होता; तो आमच्या टेकडीवर लागला तेव्हापासून त्याचं पोट दुखतंय.

"पोरगी राहते कुठं?" त्यानं विचारलं.

"तिच्या बाप्तिस्म्याला जेवून गेलास की रे."

"तेव्हा टेकडी गावात होती. आता केंद्राची. तूच दिलीस ना? जा, त्यांना विचार."

बंदरावरचा केंद्राचा साहेब म्हणाला, "आम्ही दिवे लावतो, लग्नं नाही. ते राज्याचं काम."

मी रस्त्यात उभा राहिलो. घर तेच, समुद्र तोच, मग मी राहत होतो तरी कुठे?

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, कोंबड्यांचं खुराडं केंद्राच्या हद्दीच्या दगडापलीकडे आहे. म्हणजे गावात."

त्या रात्रीपासून मेहिटेबल खुराड्यात झोपू लागली. ओबेद खात्री करायला वाकून आत शिरला आणि डोक्यावर पिसं घेऊन बाहेर आला. मुकाट्यानं त्यानं लग्न जाहीर केलं. लग्न लावायला पाद्रीही दगडाच्या गावच्याच बाजूला उभा राहिला. मला फार हसू येत होतं आणि रडूही.

एलनेथनचं जहाज गेलं, तशी मेहिटेबल सासरहून गाठोडं घेऊन आमच्याकडे राहायला आली. दगडापाशी येऊन थबकली.

"बाबा, मी आत आले तर लग्न टिकतं ना?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. दगड ओलांडून मीच पलीकडे गेलो आणि तिच्याजवळ गवतात बसलो.