जुन्या थांब्यावरून बायपासपर्यंत

नाशिकहून आलेली खासगी गाडी नारायणगावात शिरलीच नाही. ड्रायव्हरने जहाँआराला बायपासवर उतरवलं आणि "इथून जुन्नरला काहीतरी मिळेल," म्हणून गाडी पुढे काढली. डिसेंबरातले साडेपाच वाजले होते.

जहाँआरा मूळची जुन्नरची. लग्न होऊन मालेगावला गेली, आणि अम्मी वारल्यापासून एकोणीस वर्षांत तिचं इकडे येणं झालं नव्हतं. धाकटा भाऊ रहमतुल्ला आजारी पडला म्हणून ती एकटीच निघाली होती. लहानपणी मामाच्या घरून परतताना ती इथल्याच फाट्यावर एसटीची वाट बघायची. तो थांबा तिला पक्का आठवत होता. बायपास सोडून ती उताराच्या जुन्या रस्त्याने चालत गेली. थांब्याची पत्र्याची शेड दिसली तेव्हा तिला हायसं वाटलं.

अर्धा तास बसली. एकही गाडी आली नाही. पूर्वी इथे चहाची टपरी होती, समोर कांद्याची वावरं, पलीकडे घरं. आता दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस होता आणि माणूस कुठेच नव्हतं.

तेवढ्यात दोन शेळ्या हाकत एक बाई आली. तिच्या गळ्यात जाड पट्टा होता आणि त्याला बाहेरच्या बाजूने टोकदार खिळे लावलेले होते. जहाँआरा बघतच राहिली.

"मावशी, इथं कशाला बसल्या? इथं यष्टी येत न्हाई आता. समद्या बायपासनं जात्यात."

"हे गळ्यात काय घातलंय?"

"बिबट्यासाठी. मानंलाच धरतो ना त्यो." बाई सहज बोलल्यासारखी बोलली. "उठा आदी. बसलेलं माणूस त्याला जनावरावानी दिसतं."

जहाँआरा उठली. ज्या रस्त्याने ती मघाशी निवांत उतरून आली, तोच आता परत चढायचा होता.

"चला, मी येते वरपातुर," बाई म्हणाली. तिचं नाव सरूबाई. "मोठ्यानं बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"कायबी. पोरांची नावं सांगा."

"दानियाल," जहाँआरा म्हणाली. "मग अलिझा."

निम्म्या वाटेवर पुढची शेळी थबकली. वारा नव्हता, तरी डाव्या हाताचा ऊस हलला. पिवळं काहीतरी रस्त्यावर आलं आणि मागची शेळी एकदाच ओरडली. एवढंच. सरूबाई काठी आपटत बोंबलली, तोवर उसात फरफटत नेल्याचा आवाज दूर गेला होता.

"पळू नका," सरूबाईने तिचं मनगट धरलं. "पाठ दावू नका."

दोघी उसाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चढल्या. जहाँआराच्या तोंडून अलिझाचंच नाव निघत राहिलं.

वर पोचल्या तेव्हा जुन्नरची एसटी आली. जहाँआराने हात केला, दांडा धरून पायरीवर पाय ठेवला आणि वळून पाहिलं. सरूबाई उरलेली शेळी पायाशी दाबून फोन लावत होती. तिच्याकडून नंबर पुन्हा पुन्हा चुकत होता. ही बाई घाबरत नाही, असं जहाँआराला आत्तापर्यंत वाटलं होतं.

"चढा लवकर," कंडक्टर म्हणाला.

"तुम्ही जा." ती खाली उतरली.

गाडी गेल्यावर अंधार जास्तच वाटला. जहाँआराने तिच्या घरचा नंबर विचारून आपल्या फोनवरून लावला. मग दोघी दिव्याच्या खांबाखाली पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. उसात पान सळसळलं की दोघी मोठ्याने बोलू लागायच्या. वीस मिनिटांनी सरूबाईचा नवरा गेणभाऊ दोन माणसांना घेऊन ट्रॅक्टरवर आला.

"शेळी गेली," सरूबाई म्हणाली.

"तू बरी हायेस ना?" त्याने विचारलं, आणि तेव्हा कुठे ती रडली.

पुढच्या एसटीत त्यांनीच जहाँआराला बसवून दिलं. जुन्नरच्या स्टँडवर झगझगीत दिवे होते, पण ओळखीची एकही पाटी दिसेना. भाचा घ्यायला येईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"रस्ता ओळखता आला का, आपा?" अंथरुणातून रहमतुल्लाने विचारलं.

"थांब," ती म्हणाली आणि आधी फोन लावला.

"पोचले मी, सरूबाई."

"बरं झालं," पलीकडून आवाज आला. "आमी बी दार लावून बसलोय."