माझ्या पोटातला एक आकडा

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. माझा एक पंखा तुटला आहे, पाठीवर जळाल्याचा काळा डाग आहे आणि एक कोपरा हातोडीने ठेचला आहे. तरी वीज दिली की मी अजून जागे होते.

संगणकाच्या पडद्यावर चित्रे काढणे हे माझे काम. कारखान्यातून निघताना मला वाटले होते, एखाद्या घरी जाऊ, मुले माझ्या जिवावर खेळ खेळतील. पण मी गेले एका स्टुडिओत. तिथे सिनेमांसाठी लढाया तयार होत. कोसळणारे पूल, जळणारी शहरे, धुरात पळणारी माणसे, हे सगळे आम्ही कार्डे मिळून काढत असू. खोलीच्या भिंतींना आवाज दाबणारा स्पंज लावला होता. मागच्या दाराला कुलूप असे, कारण कार्डे चोरीला जातील अशी मॅनेजरला धास्ती होती.

आमची देखभाल दादा करायचा. तो कोणाचा दादा, ते पुढे सांगते. तो फुंकणीच्या यंत्राने आमची धूळ उडवायचा, पंखा कुरकुरला तर लगेच बदलायचा. त्याच्या शेजारी त्याचा जिवलग मित्र बसे. त्याला सगळे चष्म्या म्हणत. "तुझं लग्न या कार्डांशीच लावून देतो, सासूचा त्रास नाही," असे तो दादाला चिडवायचा.

आम्ही फार तापलो की आपोआप हळू होतो. ती आमची जन्मजात अक्कल. पण एका मोठ्या कामाच्या घाईत तारेवरून आम्हा सगळ्या कार्डांत नवे हुकूम भरले गेले. संगणकाची पेटी बंद होती, हुकूम कोणाच्या हाताने आले ते मला कळले नाही. त्यानंतर कितीही तापले तरी मला थांबता येईना. अंग भाजत होते आणि मी पळतच होते.

एके दुपारी माझ्या शेजारचे कार्ड फुटले. ठिणगी स्पंजावर उडाली आणि भिंत कागदासारखी पेटली. इतकी वर्षे आम्ही आगीची चित्रे काढली, पण खऱ्या आगीचा आवाज आम्हाला ठाऊक नव्हता. पुढची वाट आगीने अडवली, म्हणून माणसे मागच्या दाराकडे धावली. कुलूप! दादाने तापून लाल झालेली कडी दोन्ही हातांनी धरून ओढली, लाथा घातल्या, तेव्हा कुठे दार निघाले. त्याच्या तळहाताची कातडी कडीलाच राहिली. बाकीचे सुटले. चष्म्या सुटला नाही.

मॅनेजरने चौकशीला आलेल्यांना सांगितले की चष्म्या कामावर सिगारेट ओढत होता, त्यानेच आग लावली. मेलेला माणूस काय बोलणार? चष्म्याच्या आईच्या गल्लीतही तेच पसरले. लोक तिच्याशी बोलेनासे झाले.

मी भंगारात गेले. तिथून मला उचलले दादाच्या धाकट्या बहिणीने. घरात तिला बारकी म्हणत. ती यंत्रांच्या आतले प्रोग्रॅम लिहायची. चष्म्याने आग लावली हे तिला पटत नव्हते. तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडले आणि माझ्या पोटात शिरायचे ठरवले.

मित्रांनो, आमच्या पोटात असंख्य बारीक कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. शाळेतल्या हजेरीचे रजिस्टर नव्हे हो! किती तापलो, पंखा किती फिरतो, कुठे थांबायचे, हे सगळे त्या कप्प्यांत आकड्यांनी लिहिलेले असते. पण कुठल्या कप्प्यात काय आहे, हे आमचा कारखाना कोणाला सांगत नाही. म्हणून बारकी ते कप्पे वाचणारे एक साधन तयार करू लागली. ती मला जड काम देऊन तापवायची, सगळे कप्पे वाचायची, मग गार करून पुन्हा वाचायची. जो आकडा माझ्याबरोबर चढतो-उतरतो, तो माझा ताप. काही कप्पे तर असे दुखरे, की नुसते वाचायला हात लावला तरी मी बेशुद्ध पडे आणि पडदा काळा होई. मग ती शिव्या घालत मला पुन्हा चालू करायची आणि तो कप्पा वगळायचा असे आपल्या साधनाला शिकवायची. मला फार यातना झाल्या. पण त्या कशासाठी आहेत हे मला कळत होते.

शेवटी तिला हवा तो कप्पा सापडला, किती अंश तापल्यावर हळू व्हायचे ते सांगणारा. तिने दुकानातून माझ्यासारखेच कोरे कार्ड आणून शेजारी जोडले. त्याच कप्प्यात कोऱ्या कार्डाचा आकडा होता अठ्ठ्याऐंशी. माझा होता एकशे वीस.

"दादा, हे बघ," ती ओरडली. "त्यांनी मर्यादा वाढवली होती. चष्म्यानं काही केलं नव्हतं."

दादा पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून बसला होता. "त्यांनी नाही," तो म्हणाला. "मी वाढवली."

मॅनेजरने त्याला बजावले होते, काम वेळेत गेले नाही तर उद्यापासून येऊ नकोस. धोका आहे हे दादाला ठाऊक होते. तसे तो मॅनेजरला एकदा बोलला, दुसऱ्यांदा बोलला, आणि मग त्याने हुकूम भरले.

बारकीने त्याच्या थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली. त्याने हात वर केले नाहीत. दमून ती जमिनीवर बसली आणि तोंड दाबून रडली. थोड्या वेळाने दादाने कोपराने फोन पुढे ढकलला आणि मॅनेजरचा नंबर लावायला सांगितले. "मी सगळं सांगणार आहे," एवढेच तो फोनवर बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर दोन माणसे घेऊन आला. एकाच्या हातात हातोडी, दुसऱ्याच्या हातात सळई. त्यांनी दार फोडले, पडदा फोडला, कोरे कार्ड पायाखाली चिरडले. हातोडीचा एक घाव माझ्या कोपऱ्यावर बसला आणि पंखा उडाला. दुसरा घाव यायच्या आत दादा माझ्यावर पालथा पडला. सळई त्याच्या पाठीत बसत राहिली. बरगडी मोडल्याचा आवाज मी त्याच्या छातीखालून ऐकला. तेवढ्यात बारकीने शेगडीवरचा लोखंडी तवा उचलला आणि मॅनेजरच्या तोंडावर हाणला. त्याचे नाक फुटले, भिंतीवर रक्त उडाले. आरडाओरडा ऐकून शेजारी धावून आले आणि त्यांनी तिघांना धरून ठेवले.

पुढे चौकशी अधिकाऱ्यासमोर मला मांडले, शेजारी आणखी एक कोरे कार्ड. मी जागे होईन की नाही, कोणालाच खात्री नव्हती. बारकीने साधन चालवले. अठ्ठ्याऐंशी. एकशे वीस. मग दादा कण्हत उभा राहिला आणि मॅनेजर व स्टुडिओच्या मालकाकडे बघून म्हणाला, "हात माझा होता. हुकूम यांचा होता. दाराचं कुलूपही यांचंच." मालक आणि मॅनेजर तुरुंगात गेले. दादालाही शिक्षा झाली.

त्यानंतर एकदा चष्म्याची आई बारकीकडे आली. तिने तो आकडा बघायला मागितला. बारकीने मला जोडून तो पडद्यावर आणला.

"एवढ्यासाठी?" म्हातारीने विचारले. दारात चपला घालताना ती थांबली. "भावाला भेटायला जाशील तेव्हा सांग, मी त्याला माफ केलेलं नाही. पण हात कसे आहेत, ते विचारलंय म्हणावं."

मित्रांनो, यंत्र तापले तर त्याला थांबू द्या. ते थांबत नसेल, तर त्याला कोण थांबू देत नाही, हे विचारा. आणि ज्या खोलीत माणसे कामाला बसली आहेत, तिच्या दाराला कोणाला कुलूप घालू देऊ नका. माझ्यासारखी कार्डे दुकानात पुष्कळ मिळतात.