मागच्या दरवाजाची उदबत्ती

मित्रांनो, मी एक जुना, वाकडा, प्लास्टिकचा दरवाजा आहे. त्यातून घराच्या मागच्या अंगाचा. कोलशेतला खाडीच्या बाजूला ठमाबाईंचं घर आहे. तिथे येणारे पाहुणे मला कधी बघत नाहीत. ते पुढच्या सागवानी दरवाजाला बघतात, त्याच्यावरून हात फिरवतात. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर जळतो.

आम्ही दोघं एकाच टेम्पोतून इथे आलो. त्याला गोधडीत गुंडाळलं होतं, मला टपावर दोरीने बांधलं होतं. "मोरीजवळ लाकूड फुगतं, तिथे प्लास्टिकच बरं," असं दुकानदार म्हणाला होता आणि ते खरं होतं. बारा वर्षं अंगावर पाणी उडालं, मी फुगलो नाही. पण मागे दुपारभर पश्चिमेचं ऊन असतं, त्याचा विचार कोणी केला नाही. तापून तापून माझा वरचा कोपरा चौकटीपासून सुटला. सागवान्याला दसऱ्याला तोरण, दिवाळीला रांगोळी, वर तेलाचा हात. माझ्या कडीला ओलं फडकं!

कोपरा सुटला तसा फटीतून खाडीचा वारा आत घुसू लागला. तिन्हीसांजेला ठमाबाई देवापुढे दिवा लावतात. तेव्हा पुढचा दरवाजा उघडायचा आणि मागचा लावून घ्यायचा, असा त्यांचा नेम. पण मी लावूनही लागत नसे. वारा माझ्याकडून आत येई आणि दिवा शांत करून पुढून निघून जाई. एकदा त्यांनी तीन काड्या ओढल्या. चौथी ओढताना त्यांनी पदराचा आडोसा धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांची सून दर्शना स्पंजची पट्टी घेऊन आली. "आई, सगळीकडून पॅक करून टाकते," म्हणाली आणि तिने चारही बाजूंना जाड पट्टी चिकटवली, अगदी बिजागऱ्यांच्या बाजूलाही. मी तिथेच अडू लागलो. कोपरा आणखी बाहेर आला. मग ती वैतागली. "हा भंगारात देऊन टाकू. मागे पण सागवानीच बसवू."

एक सागवानी सोसत नव्हता, आता दुसरा माझ्याच जागेवर!

सुतार महिपत आले, तेही सागवान्याला पॉलिश करायला. पण ठमाबाईंनी त्यांना आधी मागे बोलावलं.

"महिपत, याचा काय व्हतंय का बघ. नवीन मंग बघू."

महिपतांनी उदबत्ती मागितली. ती पेटवून माझ्या कडेकडेने सावकाश फिरवली. मित्रांनो, काय सांगू! मला वाटलं, आज माझी पूजा. मनात म्हटलं, बघ रे सागवान्या!

वरच्या कोपऱ्याशी धूर सर्रकन आत वळला.

"वारा इथूनच येतो," महिपत दर्शनाला म्हणाले. "वहिनी, बिजागरीकडं स्पंज कशाला लावला? दरवाजा तिथं दबतो नि इकडं फाकतो."

पूजा कसली, माझी खोड शोधणं चाललं होतं. मी खट्टू झालो.

त्यांनी बिजागरीकडची पट्टी खरवडून काढली. वरच्या कोपऱ्याला आणखी एक कडी बसवून मला चौकटीकडे ओढून घेतलं. उरलेल्या फटीपुरती बारीक पट्टी लावली, तळाला रबर ठोकलं. उदबत्ती पुन्हा फिरली. या वेळी धूर सरळ वर गेला.

त्या संध्याकाळी दिवा एका काडीत लागला आणि तेवत राहिला. दर्शना हसून म्हणाली, "आई, लक्ष्मी तर पुढून येते ना? मग मागच्याचं एवढं काय?"

"पुढचा तिला घरान घेतो गं. पन ह्यो लागला नाय, त ती मागून निंगून जाईल ना! म्हनून याला लावायचा."

बारा वर्षं त्या रोज मला लावून घेत होत्या आणि मी समजत होतो, मला नजरेआड करतात.

सागवान्याला अजून तोरण मिळतं आणि मी अजून जळतो, पण थोडासाच. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा वाकडा दरवाजा असेल. भंगारात काढण्याआधी त्याच्याभोवती एकदा उदबत्ती फिरवून बघा. फक्त ती फट शोधायला आहे, हे त्याला सांगू नका.