खालचा बाण

"पाठ नीट टेक. अंग चोरून बसलास की मी घसरते," ताई म्हणाली.

धाकट्याने पाठ ताठ केली. बहीणभाऊ पलंगावर पाठीला पाठ लावून बसले होते आणि त्याची बायको ताईला चमच्याने सूप भरवत होती. ताई आडवी झाली की तिला धाप लागे. पलंग तसा मोटरवर चालणारा. रिमोटचं बटण दाबलं की डोक्याकडची बाजू वर येई. पण परवा जळका वास आला आणि पलंग आडवा झाला तो झालाच. मोटर ठणठणीत होती. तिला उलटसुलट फिरवणारी चिप तेवढी जळून कोळसा झाली होती.

लहानपणी दमा धाकट्याला होता. तेव्हा ताई अशीच तासन्‌तास त्याच्या पाठीला पाठ देऊन बसायची. हे तिला कधी बोलून दाखवणं त्याला जमलं नव्हतं.

त्याचा जन्म लोकांचे मिक्सर आणि पंप दुरुस्त करण्यात गेला होता, आणि आता घरचीच मोटर हटून बसली होती. बाजारातल्या दुकानदाराने हात झटकले. "ती चिप आता बनतच नाही. नवा पलंग घ्या!" सल्ला फुकटच होता.

ताईच्या गोळ्या आणायला तो गेला, तेव्हा औषधवाल्याने विचारलं, "तोंड का उतरलंय?"

धाकट्याने सगळं सांगितलं.

"अहो, माझं ते आपोआप सरकणारं दार काढलं ना, त्याचा डबा माळ्यावर पडलाय. त्याचीही मोटर पुढेमागे फिरायचीच की! बघा चालतंय का."

गुडघा दुखत असूनही औषधवाला स्वतः स्टुलावर चढला आणि धुळीने माखलेला डबा घेऊन उतरला. आतली चिप पलंगाचा भार सहज पेलणारी निघाली. धाकट्याला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

चिपच्या पायांची मांडणी मात्र वेगळी होती. त्याने बारीक तारांनी एकेक पाय जिथल्या तिथे जोडला.

"दाराची चिप ना रे?" ताईने विचारलं. "आता कुणी आलं की पलंग आपोआप उठून 'या, बसा' म्हणेल."

त्याने वरचा बाण दाबला. पलंग ढिम्म. त्याचा चेहरा पडला.

"आण इकडे," म्हणत ताईने रिमोट घेतला आणि खालचा बाण दाबला. घुर्र आवाज करत डोक्याकडची बाजू वर आली. तिच्याबरोबर ताई वर आली, आणि तिने पोटभर श्वास घेतला.

"दोन तारा उलट्या लागल्या," धाकटा ओशाळून म्हणाला. "आत्ता बदलतो."

"राहू दे. माझी गोळी कधी, पाणी कधी, झोप कधी, सगळं तुम्हाला माहीत. एवढं एक मला एकटीला कळू दे."

त्यानंतर त्याची बायको दर वेळी फसायची. "अगंबाई! वन्सं, खाली कुठे निघालात?" आणि ताई धाप लागेपर्यंत हसायची. ते हसणं ऐकून धाकट्याला भरून यायचं. तिचे उपकार फिटणारे नव्हतेच. पण तिने त्याला एवढं तरी करू दिलं, याचं त्याला फार वाटायचं.

ताई गेली ती बसल्या बसल्या, शांतपणे.

पुढे औषधवाल्याची आई अंथरुणाला खिळली. धाकटा आपण होऊन म्हणाला, "पलंग तुमच्याकडे पाठवतो. निम्मा तुमचाच आहे."

नेण्याआधी त्याने पलंगाच्या मोटरचा डबा उघडला. म्हातारीचा गोंधळ नको म्हणून दोन तारांची अदलाबदल केली, स्क्रू घट्ट केले. डोक्याकडची बाजू अजून ताईने ठेवली होती तशीच वर होती. चालवून बघावं म्हणून तो तिला टेकून बसला.

त्याचा अंगठा सवयीने खालच्या बाणावर गेला. घुर्र आवाज करत पाठीमागचा आधार हळूहळू खाली गेला, आणि तो तसाच पाठ ताठ करून बसून राहिला.