बॉनेट पुसणारा बनियन

मी एक जुना बनियन आहे, मित्रांनो. बनियन तरी कसला, आता फडकंच.

नवा होतो तेव्हा बगळ्यासारखा पांढरा. एका ड्रायव्हरने मला घेतलं. चार उन्हाळे त्याचा घाम प्यायलो. काखेत विरलो तशी त्याची बायको म्हणाली, "अहो, हा आता तुमच्या नको, गाडीच्या अंगावर शोभेल." आणि टर्रकन फाडलं मला.

तेव्हापासून मी मालकाच्या पांढऱ्या गाडीच्या डिकीत. "याच्याइतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही," ड्रायव्हर म्हणायचा. मी फुगायचो.

मग तो दिवस. शेजारच्या गेटला मशीनने हिरवा ऑइलपेंट मारत होते. वारा सुटला. गाडीभर मोहरीएवढे हिरवे ठिपके! आणि चार वाजता गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. मालक गॅलरीतून ओरडला, "एक जरी ठिपका दिसला ना, उद्यापासून येऊ नकोस!"

नऊ वर्षांची नोकरी होती ती.

रंगारी वरमला. "दादा, थिनर घ्या, रंग विरघळतो त्याने. पण आधी कोपऱ्यात लावून बघा हां. कंपनीचा रंग टिकतो. वरून मारलेला असला तर सुटतो."

"कंपनीचाच आहे. शोरूममधून मीच आणलीय."

तरी ड्रायव्हरने मला थिनरमध्ये बुडवून दाराच्या खालच्या कडेला लावून बघितलं. ठिपके गेले, पांढरा तसाच. चारही दारं झाली. मग बॉनेट.

मी चिकट व्हायला लागलो. पांढरा रंग माझ्यावर येत होता. खाली पोचा भरायची पिवळी पुट्टी दिसली, तळहाताएवढी.

मागे एकदा ड्रायव्हर रजेवर असताना मालकाच्या मुलाने गाडी खांबाला ठोकली होती. बॉनेट गुपचूप रंगवून घेतलं. डिकीत मलाही दणका बसला होता. पण मला तोंड कुठे?

गिऱ्हाईक वेळेवर आलं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, बॉनेट रंगवलंय हे मला सांगायचं तरी."

"कोणी रंगवलंय? ओरिजिनल आहे! तूच घासून वाट लावलीस."

गिऱ्हाईक पुट्टीकडे बघून निघून गेलं. मालकाने किल्ली मागितली. ड्रायव्हरने ती दिली, मला कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं, हळूच, आणि पायी निघाला.

आता मी पत्र्यासारखा कडक झालोय. कशालाच उपयोगी नाही.

मित्रांनो, कोपऱ्यात लावून बघाच. पण वस्तू कुठे ठोकली असेल, डागडुजी केली असेल, तर ती पुसणाऱ्या माणसाला आधी सांगा. तुमची थोडी लाज जाईल, एवढंच. त्या माणसाने तर कोपऱ्यात लावूनही बघितलं होतं.