प्रॉक्सीतलं पान

माझ्या पोराचं इंटरनेटवरचं पान घरच्या फोनवर उघडत नाही आणि ऑफिसात मात्र टुणकन उघडतं, एवढंच सांगायला मी सकाळी तारवाल्याकडे गेले होते. फोनला चार शिव्या घालून झाल्या होत्या. म्हटलं, आता याला विचारू.

तारवाला म्हणजे आमच्या नकाशांच्या ऑफिसातला नेटवर्कचा माणूस. चाळिशी उलटलेला, टकला, सदान्‌कदा कुठल्या तरी टेबलाखाली वाकलेला. मी तिथली टायपिस्ट, रिटायर व्हायला आलेली. माझ्या जिभेला सगळं ऑफिस टरकून असतं, तोही. त्यानं पत्ता बघितला, स्वतःच्या फोनवर टाकला, मग त्याच्या मशीनवर काहीतरी खटखट केलं.

"अहो, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? बोला की."

"फोन चांगला आहे तुमचा, बाई. पानच राहिलेलं नाही. ज्या कंपनीनं ही फुकटची पानं ठेवली होती, तिनं दुकान बंद केलं. बरेच महिने झाले."

"काहीतरीच काय? मी कालच वाचलं. जेवणाच्या सुट्टीत रोज वाचते."

"तुम्ही वाचता ती प्रत." त्यानं कपाटातल्या एका काळ्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. "हा प्रॉक्सी. आपली लाईन बारीक आणि माणसं ढीगभर, म्हणून हा मध्ये बसवलाय. तुम्ही पान मागितलंत की ती मागणी सरळ बाहेर जात नाही, याच्याकडे येते. याच्याजवळ नसलं तर हा स्वतःच्या नावानं बाहेर मागतो. तिकडच्याला तुम्ही दिसत नाही, हाच दिसतो. पान आलं की तुम्हाला देतो आणि एक प्रत जवळ ठेवतो. पुढच्या वेळी ठेवलेलीच पुढे करतो, बाहेर विचारायलाही जात नाही. जुनं झालं तरी दे, असं मीच याला सांगून ठेवलंय. तेवढीच लाईन वाचते."

"म्हणजे तिकडे काही नाही?"

"काही नाही. आहे ते फक्त या डब्यात. कंपनीनं बंद करायच्या आधी कळवलं असणार, बाई."

"कुणाला?"

"ज्याचं पान त्याला."

ज्याचं पान तो तापाचं निमित्त होऊन गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. हे तारवाल्यालाही ठाऊक होतं. बोलून बसल्यावर तो पुन्हा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

पोराचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, दुसऱ्या गावात. चांगली कायमची नोकरी सोडून त्यानं ते काढलं. आमच्या ह्यांचा जन्म लेथ मशीनवर गेलेला, लोखंडाशी बोलणारा माणूस. पण पोरानं लोखंडात हात घातलेला त्यांना चालेना. "पंक्चरवाला झाला आमचा साहेब," असं पाहुण्यांसमोर म्हणाले. पोरगा ऐकत होता. त्यानंतर बापलेकांनी एकमेकांशी तोंड उघडलं नाही. दोघेही एका माळेचे मणी, कोण आधी वाकणार?

मग मध्ये मी. पोरगा फोनवर म्हणायचा, "बाबांचं नाव काढू नकोस." मी ह्यांना सांगायची, "तुमची तब्येत विचारत होता." हे म्हणायचे, "त्याला म्हणावं, वाट बघत नाही कुणी." मी पोराला सांगायची, "बाबा तुझी वाट बघतात." अशी वर्षानुवर्षं मी साखर पेरत बसले. ह्यांनी मला केव्हाच ओळखलं होतं. मी निरोप सांगायला लागले की हे हसायचे आणि पेपर वर धरायचे. आणि मग तो गेला. मधे साखर पेरायला जागाच उरली नाही.

त्याचं पान मला नंतर सापडलं. सायकल कशी नीट करायची ते लोकांना सांगायचा, चित्रं काढून. बाकी कशात काय हे मला समजत नाही, पण एक जागा मला पाठ होती: "चाक डुगडुगायला लागलं की डोळ्यांवर विसंबू नका. स्पोक बोटानं छेडा आणि कान लावा. ढिला स्पोक वेगळा बोलतो. हे मला बाबांनी शिकवलं, मी त्यांच्या मांडीवर बसायचो तेव्हा. त्यांच्याइतका कान माझा अजून तयार झालेला नाही. कधी भेटले तर पुन्हा एकदा विचारायचं आहे."

मी हे घरी जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर वर धरला.

आदल्या रात्री मी हट्टालाच पेटले. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही ना, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फोन त्यांच्या हातात दिला. उघडेना की वरचं गोल बाणाचं बटण दाबायचं, हेही शिकवलं. त्यांनी दोनदा दाबलं. दोन्ही वेळा 'पान सापडलं नाही' असंच आलं. त्यांनी फोन परत दिला आणि माझा जीव तिळतिळ तुटला. मी म्हटलं, हे डबडं आहे, उद्या दुपारी ऑफिसात या. आणि आश्चर्य म्हणजे ते हो म्हणाले.

"आज दुपारी येताहेत," मी तारवाल्याला सांगितलं. "वाचू देत त्यांना. मग ते पान मला तुमच्या डब्यातून काढून द्या. कागदावर, कशावरही. कपाळावर गोंदवून दिलंत तरी चालेल."

"चित्रांसकट काढून देतो. आत्ता सगळ्यांचे नकाशे नेटवर चढताहेत, मशीनला हात लावता येत नाही. जेवणानंतर बसतो." मग तो जरा घुटमळला. "तोवर खुशाल उघडा, वाचा. फक्त ते गोल बाणाचं बटण दाबू नका. ते दाबलं की याला हुकूम होतो, ठेवलेलं नको, ताजं आण. हा जाणार, तिकडून 'नाही' घेऊन येणार, आणि प्रतीच्या जागी तेच ठेवणार."

"मला काय दाबायची गरज? माझं तर एका झटक्यात उघडतं," मी म्हणाले.

जाताजाता मी विचारलं, "तुमचा हा डब्यातला मधला माणूस निरोपात स्वतःचं काही घालतो का हो?"

"छे. घातलं तर कोण विश्वास ठेवील त्याच्यावर?"

दुपारी हे आले. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले, दाढीसुद्धा केलेली. पोराच्या दुकानात हे एकदाही गेले नव्हते. आज त्याच्या पानासाठी दाढी करून आलेले बघून मला भडभडून आलं. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं, पान उघडलं. वर दुकानाचं नाव आलं, खाली चाकाचं चित्र सावकाश उतरायला लागलं. नकाशांमुळे लाईन तुंबली होती. हे पुढे झुकले. चष्मा पुसला, पुन्हा झुकले.

"खाली आहे ते," मी म्हणाले. "थांबा, मी माझ्यासाठी खुर्ची आणते."

पलीकडच्या खोलीतून खुर्ची ओढत आणायला कितीसा वेळ लागतो. आले तेव्हा पडदा पांढरा होता आणि मधोमध ती ओळ होती, फोनवरची. ह्यांचा हात अजून माऊसवर होता.

"चित्र अर्ध्यातच अडकलं गं. मग तू सांगितलंस तसं केलं. तो गोल बाण."

मी खुर्ची टेकवली आणि तिच्यावर बसले.

"येईल ना परत?" हे म्हणाले. "मला काही घाई नाही. बसतो मी."

आणि खरंच बसले. हात मांडीवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसतात तसे, त्या पांढऱ्या पडद्यासमोर. मी तारवाल्याला बोलावून आणलं. त्यानं पडदा बघितला, माझ्याकडे बघितलं, तसाच कपाटाकडे पळाला. बराच वेळ खटखट करत होता. परत आला तेव्हा टकलावर घाम होता.

"काका," तो म्हणाला, "पान होतं. बाई म्हणतात ते शंभर टक्के होतं. पण तुम्ही ते बटण—"

"मशीन बिघडलं," मी म्हणाले.

"नाही बाई, तसं नाही. यांनी ते—"

"बिघडलं म्हणते ना मी. तुमचं डबडं बिघडलं. जा आता."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्यावर आधी खूप वेळा ओरडले होते, पण असं नाही. तो गेला. काय करू हो मी? पान होतं हे पटवायचं, तर ते कुणाच्या बोटानं पुसलं गेलं हेही सांगायला हवं. पोराचा अख्ख्या जगात उरलेला एकच शब्द, आणि तो त्यांनीच पुसला, हे त्या दाढी करून आलेल्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू?

ह्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग हसले, पेपर वर धरायच्या आधी हसतात तसे.

"यालाही सामील करून घेतलंस होय," म्हणाले, आणि उठले.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. रस्त्यात सगळं म्हणून दाखवलं, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. ढिला स्पोक, मांडी, कान, 'पुन्हा एकदा विचारायचं आहे'. "तुमची शपथ," म्हटलं, "असंच लिहिलं होतं."

फाटकाशी ते थांबले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. घरात कधी ठेवत नाहीत.

"तो असं कशाला लिहील, अगं? तू मात्र फार करतेस माझ्यासाठी. मी काही बोलत नाही, पण मला कळतं सगळं."

मी पुन्हा शपथ घ्यायला गेले.

"रागावलो नाही मी," ते म्हणाले. "ऐकायला बरं वाटतं. आणखी काय लिहिलं होतं म्हणालीस?"

आणि मी भर रस्त्यात उभी राहून त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.