न दुखणारा पाय

मी आधी भित्री होते, हे आता कोणी खरं मानत नाही. सातवीत वर्गात उभं राहून नाव सांगायचं म्हटलं की माझा आवाज घशातच अडकायचा. आता विचारा. वैभवी जगदेव घुगे, दहावी ब, त्रेपन्न किलो वजनगट. एवढ्या जोरात सांगते की मागच्या बाकावर झोपलेली पोरं जागी होतात. आई म्हणते, तुझ्या अंगात किडे आहेत. असतील. बसलं की माझा पाय हलतो, उभं राहिलं की मान हलते, आणि झोपेत मी भिंतीला धोबीपछाड मारते.

हे सगळं सादिक उस्तादांमुळे झालं. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बस स्टँडमागे त्यांचं कूलरचं दुकान आहे. उन्हाळाभर ते टीन कापून कूलर बनवतात, बाकी वर्षभर धान्याच्या कोठ्या. दुकानाच्या मागे आखाडा. बाबा मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेले तेव्हा ओट्यावर बसलेल्या दोन-चार जणांनी नाकं मुरडली होती. उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या लोकांनाच विचारलं, "माती काय पोरगा-पोरगी पाह्यते का?" मग माझ्या हातात फावडं दिलं. पहिले कित्येक दिवस मी नुसती माती खणत होते.

त्या मातीत हळद असते, तेल असतं, ताक असतं, लिंबू असतं. उस्ताद म्हणायचे, ही माती म्हणजेच दवाखाना. खरचटलं की माती लावायची, मुरगळलं की माती लावायची. बाकी सगळ्या आजारांवर बैठका. ताप आला, बैठका मार. पेपर अवघड गेला, बैठका मार. फक्त एकाच दुखण्याला सूट होती आणि ती त्यांची बायको, कुलसुमचाची, आतून ओरडून जाहीर करायच्या, "आज इसको छोड दो." उस्ताद लगेच आभाळात विमान शोधायला लागायचे.

तर पावसाळा संपता संपताची गोष्ट. सराव आटोपला होता. उस्तादांची चप्पल वाटेत पडली होती म्हणून मी ती बाजूला ठेवायला उचलली, तर आतून टोक वर आलेलं. टिनाचा चांगला बोटभर तुकडा तळातून घुसून अंगठ्याच्या खाली उभा होता. चप्पल आतून काळी पडली होती. मी म्हटलं, उस्ताद, हे पाहा. त्यांनी पाय उलटा करून पाहिला. तळव्याला भोक होतं. कधी घुसलं त्यांना माहीत नव्हतं. सकाळपासून ते तीच चप्पल घालून दुकानात, मशिदीत, बाजारात फिरत होते.

कोणीतरी टाळी वाजवली. आमच्यातला शिवम म्हणाला, याले म्हणतात पैलवान. उस्ताद हसले, आखाड्याच्या हौदातली चिमूटभर माती घेऊन त्या भोकात दाबली आणि आम्हाला घरी पिटाळलं.

मी ही गोष्ट शाळेत किती जणांना सांगितली असेल. सांगताना तुकडा बोटभराचा हातभर झाला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बुटांत तुरीचे दाणे टाकून शाळेत गेले. मन पक्कं असलं की दुखत नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. तिसऱ्या तासाला माझा चेहरा असा झाला की मॅडमनं विचारलं, पोट दुखते का. मधल्या सुट्टीत मी दाणे काढून फेकले आणि स्वतःला खूप बोलले.

पण त्या दाण्यांनी माझ्या डोक्यात एक किडा सोडला. दुखणं दाबणाऱ्या माणसाचा चेहरा मला आता आतून कळत होता. दात एकमेकांवर बसतात, नाक फुगतं, बोलताना शब्द तुटतात. आखाड्यातल्या सगळ्यांचे असे चेहरे मी पाहिलेत. उस्ताद त्या उघड्या भोकात अंगठ्यानं माती कोंबत होते तेव्हा मला पकड कुठं चुकली ते समजावून सांगत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते काही दाबत नव्हते. दाबायला काही नव्हतंच.

मग मला चैन पडेना. सरावाला गेले की माझी नजर त्यांच्या पायावर. भोक बुजत नव्हतं. ते रोज माती भरत होते आणि रोज ती ओली होऊन बाहेर येत होती. आठवडाभरानं आखाड्यात हळदीच्या वासासोबत दुसराच एक वास यायला लागला, आंबूस. पोरं एकमेकांच्या अंगावर ढकलत होती. मला माहीत होतं तो कुठून येतो.

कुलसुमचाचींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या लाटत होत्या आणि लाटता लाटताच बोलल्या, माझ्याकडे न बघता. तीन वर्षांपूर्वी मंगरूळपीरला शिबिरात उस्तादांचं रक्त तपासलं होतं. शुगर निघाली. गोळ्या दिल्या. उस्तादांनी त्या घरी आणून मांजरीच्या पिल्लांना खेळायला दिल्या. शुगर म्हणजे गादीवर बसून खाणाऱ्या शेठ लोकांची बिमारी, घाम गाळणाऱ्याला ती शिवत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पन्नास बैठका वाढवल्या, गूळ सोडला आणि विषय संपवला.

"मेरा नहीं सुनते," चाची म्हणाल्या. "तुह्यं ऐकतील. तुले ते पोरीपेक्षा जास्त मानतात."

मी म्हणजे काय, लगेच गेले. उस्ताद टीन ठोकत होते. मी सरळ म्हटलं की डॉक्टरकडे चला. त्यांनी हातोडी थांबवली नाही. म्हणाले, वाशिमला आठ दिवसांनी तुझी निवड चाचणी आहे, तू आपला समोरचीचा पाय ओढून पट काढायचा पाहा. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी हातोडी ठेवली.

"माह्या बापानं आखाड्यात जान सोडली, दवाखान्यात नाही. माणूस मनानं खचला की बिमारी येते बेटा. मी खचलेला दिसून राह्यलो काय तुले?"

नव्हते दिसत. हीच तर पंचाईत. दंड माझ्या मांडीएवढे, छाती दारात मावत नाही. मी घरी आले आणि चिडून एवढे जोर मारले की रात्री चमचा धरवेना. बाबांनी समजावून पाहिलं, तर उस्तादांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

वाशिमला आम्ही एसटीनं गेलो. आमचे खेळाचे हरिसिंग सर पुढं, मी आणि उस्ताद मागं. उस्तादांना ताप होता. खांद्याला खांदा लागत होता तेव्हा मला सदऱ्यातून चटका बसत होता. ते मला डाव सांगत होते आणि मध्येच एकच डाव दोनदा सांगत होते. मी हो हो म्हणत होते. माझे पाय गाडीच्या पत्र्यावर ताल धरून नाचत होते, शेवटी समोरच्या बाईनं मागे वळून पाहिलं.

मैदानावर मॅट टाकली होती आणि कडेला कनातीत एक डॉक्टरबाई बसल्या होत्या, कोणाला लागलं-खुपलं तर पाहायला. मी वजन दिलं, कपडे बदलले. माझी जोड मंगरूळपीरच्या एका पोरीशी लागली. आमचा नंबर जवळ आला. उस्ताद मॅटजवळ उभे राहून माझे कान चोळत होते, कुस्तीआधी ते नेहमी चोळतात. त्यांचे हात तापानं पोळत होते.

मला काय झालं कोण जाणे. मी मॅटच्या कडेला मांडी घालून खाली बसले.

उस्ताद म्हणाले, ऊठ. मी म्हटलं, तुम्ही त्या बाईंना पाय दाखवा, मग उठते. ते इकडे तिकडे पाहायला लागले, लोक बघत होते. हरिसिंग सर धावत आले आणि माझ्यावर ओरडले. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तेवढ्यात भोंग्यातून माझं नाव पुकारलं गेलं. माझं सगळं अंग त्या नावाकडे ओढ घेत होतं. वर्षभर ज्यासाठी मातीत लोळले ते दहा पावलांवर होतं. मी गवत घट्ट धरून बसले.

"नाटक करून राह्यली काय?" उस्ताद दात ओठ खात म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "तुमचंच पाहून शिकली. मन पक्कं आहे माह्यं."

ते पाय आपटत कनातीकडे गेले. मी मागोमाग.

बाईंनी आधी उस्तादांच्या बोटाला सुई टोचून शुगरचं मशीन पाहिलं आणि भुवया वर केल्या. मग त्यांना बाकावर आडवं केलं, मातीचा गोळा धुऊन काढला आणि नाकाला मास्क लावला. जखम माझ्या कल्पनेपेक्षा खूप खोल होती. बाजूची बोटं निळसर काळी. बाई म्हणाल्या, वर बघा, मी पायाला हात लावला की हो म्हणा. उस्ताद कनातीच्या कापडाकडे पाहत पडले. बाईंनी बोटानं स्पर्श केला. मग पेनाचं टोक लावलं. मग सुई काढली आणि अंगठ्याला, टाचेला, दुसऱ्या पायाला टोचली.

"सुरू करा ना बाई," उस्ताद म्हणाले. "पोरीची कुस्ती हाय."

बाईंनी सुई खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. बाहेर माझं नाव दुसऱ्यांदा पुकारलं.

बाई सुरू करेनात तेव्हा उस्ताद उठून बसले. अंगठ्यावर रक्ताचा बारीक थेंब आला होता. त्यांनी तो पाहिला. मग स्वतःच्या नखानं अंगठा दाबला, आणखी जोरानं दाबला, खरबूज पिकलं का ते पाहावं तसा.

बाई रागावल्या नाहीत. हळू आवाजात सांगितलं की शुगरनं पायाच्या नसा मारल्या आहेत, म्हणून दुखत नाही. जंतू आत गेलेत. आजच अकोल्याला भरती व्हायचं. बोटं काढावी लागतील बहुतेक, उशीर केला तर पाय.

"मी रोज बैठका मारतो बाई," उस्ताद म्हणाले. एवढ्या बारीक आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणूनच इतके दिवस उभे राहिलात. मारा, चांगलंच आहे. पण बैठका गोळीचं काम करत नाहीत, दादा."

तिसरा पुकारा झाला. मी कनातीच्या दाराशी पोचले होते. एक टांग बाहेर टाकली की धावतच मॅटवर. मला वाटलं आता उस्ताद गरजतील, जा म्हणतील, मागून पाठीत थाप मारतील.

त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती, लोखंडी.

"दोन मिनिटं थांब वैभवी. मले भेव लागून राह्यलं."

बाहेर पंचांनी मंगरूळपीरच्या पोरीचा हात वर केला असणार, कारण टाळ्या वाजल्या. माझी पावलं जागच्या जागी नाचत होती. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि दुसऱ्या हातानं चाचींना फोन लावला.

अॅम्ब्युलन्समध्ये मालेगावपर्यंत मी जाणार होते, तिथून चाची चढणार होत्या. हरिसिंग सर पुढं ड्रायव्हरजवळ बसले, माझ्याशी अजून बोलत नव्हते. बाईंनी सांगितलं होतं की पाय खाली टेकू द्यायचा नाही. गाडी खड्ड्यांत आदळत होती, म्हणून मी पट्टी बांधलेला पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. उस्ताद एरवी कोणाला पायाला हात लावू देत नाहीत. आज त्यांनी डोळे मिटून घेतले. सलाईनची बाटली डोक्यावर हेलकावे खात होती.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "त्या पोरीचा डावा पाय कच्चा होता. तू काढला असता पट."

मी म्हटलं, माहीत आहे.

माझी मांडी बधिर व्हायला लागली होती. पाय हलवायची मला जन्माची सवय, पण हलवता येईना. मुंग्या आल्या, मग कळ आली, चांगली सणसणीत. उस्तादांनी एक डोळा उघडून माझा चेहरा पाहिला.

"जड होते काय?"

"हो," मी म्हटलं. "लय दुखते."

ते बघत राहिले, जसं काही मी एखादा नवाच डाव दाखवला होता. गाडीनं अमानीचा फाटा ओलांडला आणि तिचा भोंगा पुन्हा सुरू झाला.